मेज आणि वेदी

मागच्या वेळी आपण नारायण वामन टिळकांच्या साताऱ्यातल्या ‘देवाच्या दरबारा’पाशी थांबलो होतो. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१७ सालच्या मानाने ही धिटाई मोठीच. पण आज पाचगणीत बोलताना आम्हांला एक हरकत नोंदवायची आहे. टिळकांनी मिशनची चौकट सोडली, म्हणून पंथांचे वाद सुटले असं होत नाही. बाजूला ठेवलेला वाद तिथेच बसून राहतो.

इथलंच बघा ना. १८९५ साली या गावात सेंट जोसेफ कॉन्व्हेंट सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १८९६ला, पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन गुरुदीक्षा रद्दबातल ठरवली. म्हणजे अँग्लिकन वेदीपुढे उभा असलेला पाळक रोमच्या लेखी धर्मगुरूच नव्हे! तो निर्णय आजही मागे घेतलेला नाही. दर जानेवारीत १८ ते २५ तारखेला ऐक्यासाठी प्रार्थना होतात, गाणी होतात, नंतर चहा होतो. भाकर मात्र वेगवेगळ्या ठिकाणी मोडली जाते. नवरा कॅथलिक आणि बायको प्रोटेस्टंट, अशा घरात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. मिस्साच्या वेळी सगळे पुढे जातात, तेव्हा तिने बाकावर बसून राहायचं.

आणि भांडण कशावर आहे, हेही आपण नीट सांगत नाही. प्रोटेस्टंट व्यासपीठावरून अजून ऐकू येतं, ‘कॅथलिक लोक कर्मांनी तारण कमावतात.’ कॅथलिकांकडून उत्तर येतं, ‘तुमचं काय, नुसता विश्वास ठेवला की झालं!’ अहो, १९९९च्या ३१ ऑक्टोबरला ऑग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिक मंडळींनी सह्या करून मान्य केलं, की तारण कृपेनेच, आपल्या पुण्याईने नव्हे. बारीकसारीक मतभेद उरले, पण मुख्य गाठ सुटली. आता उरलेला प्रश्न आहे तो वेदीचा: ती भाकर नेमकी काय आहे, आणि ती द्यायचा अधिकार कोणाला? ‘मिस्सा’ आणि ‘प्रभुभोजन’ हे आपले दोन मराठी शब्दच तो वाद सांगतात.

आम्हांला २९ नोव्हेंबर १९७०चं नागपूर जास्त पटतं. सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं. बॅप्टिस्ट बालकांना बाप्तिस्मा देत नाहीत, अँग्लिकन देतात. कोणी कोणाला गप्प केलं नाही. दोन्ही रीती घटनेत लिहून ठेवल्या. बोलण्यात चार दशकं गेली, मेथडिस्टांतला एक मोठा गट ऐन वेळी बाहेर राहिला, आणि रोम तर त्या बैठकीत नव्हतंच. सगळं खरं. तरी वाद कागदावर आला होता.

म्हणून येत्या जानेवारीत दोन गाणी कमी करा. फादर आणि पाळकसाहेब, दोघांना समोरासमोर बसवा, आणि १८९६च्या त्या निर्णयाबद्दल त्यांना लोकांसमोर विचारा. बाकावर बसून राहणाऱ्या त्या बाईला पहिल्या रांगेत जागा द्या.