पुलंचा आवाज

पु. ल. देशपांडे यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' मी वाचण्याआधी ऐकलं. घरात कॅसेट होती, पुस्तक नंतर आलं. त्यामुळे आजही ते पुस्तक उघडलं की डोळे ओळींवरून फिरतात आणि कानात पुलंच बोलत असतात. मला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. उलट पुलंचं लिखाण नुसतं वाचलेल्या माणसाला भेटलो, की कधी एकदा त्याला ऐकायला बसवतो असं होऊन जातं.

पुलंना सरसकट नकलाकार म्हणतात, ते मला मान्य नाही. नकलेत मूळ माणूस हुबेहूब उभा करायचा असतो. पुलं तेवढं करतच नाहीत. 'व्यक्ती आणि वल्ली'तला 'अंतू बर्वा' ऐकताना नीट कान द्यावा. अंतूशेठ बोलायला लागले की आवाज किंचित नाकात जातो, वाक्याचा शेवट जरा ओढला जातो आणि रत्नागिरीच्या आळीतला तो तिरकस हेल येतो. बस्स, एवढंच. खोकणं नाही, थरथरता म्हातारा आवाज नाही. निवेदक पुलं आणि अंतूशेठ यांच्यात एका सुराचं अंतर असेल, पण ते शेवटपर्यंत ढळत नाही. टोमणा तर इतका सपाट येतो की बोलणाऱ्याला आपण काही गमतीचं बोललो याचा पत्ताच नसावा. हसायचं काम पूर्णपणे आपल्यावर सोडलेलं असतं.

याच सपाटपणामुळे पुढचा घाव खोल जातो. बायको गेल्यावर दारचा हापूस मोहरला नाही, असं अंतूशेठ सांगतात ती जागा आठवा. एखाद्या नटाने तिथे गळा दाटून आणला असता. पुलंच्या आवाजात तो हेलही तोच राहतो आणि तो नाकातला स्वरही. फक्त वेग उतरतो आणि वाक्यानंतर थोडी जागा सुटते. तेवढ्या जागेत ऐकणाऱ्याला कळतं, की इतका वेळ ज्याला आपण खवचट म्हणून हसत होतो, त्याने हा खवचटपणा कशावर पांघरला होता. छापील पानावर त्या ठिकाणी पूर्णविराम आहे. तो किती लांबीचा, हे मला पुलंनी ऐकवलं.

ही लांबी त्यांना कळत होती याचं कारण मला त्यांच्या पेटीत दिसतं. पुलं उत्तम हार्मोनियम वाजवत, चाली बांधत आणि आकाशवाणीत नोकरी करत असताना मायक्रोफोनही त्यांच्या चांगला अंगवळणी पडला होता. आवाज न चढवता समेवर कसं यायचं, हे ज्याच्या हातात आहे त्याला गद्यातही सम सापडते. त्यांचे विनोद मला पाठ आहेत, तरी पुन्हा ऐकताना हसू येतं, कारण मी विनोदाची वाट बघत नसतो. मी वाट बघत असतो ती त्यांच्या समेवर येण्याची.

पुलंची 'म्हैस' ही कथा या कसबाचा सर्वांत उघड नमुना. कोकणातली एसटी, म्हशीला लागलेली धडक, खोळंबलेले उतारू, गावकरी आणि पोलीस. माणसांची नुसती जत्रा, पण अमुक म्हणाला, तमुक म्हणाला, याची गरज फारशी पडत नाही. मात्र मला विचाराल तर 'म्हैस' ही करामत आहे, 'रावसाहेब' हे गाणं आहे.

रावसाहेब पुलंच्या 'गणगोत' या पुस्तकातले, बेळगावचे. पुलं काही काळ तिथे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, त्या काळातला हा स्नेह. रावसाहेबांची मराठी कानडीच्या अंगाने चालते, लिंगांचा घोळ घालते आणि प्रेम शिव्यांतून व्यक्त करते. कागदावर ही भाषा वाचताना क्षणभर अडखळायला होतं. पुलंच्या तोंडून ती ऐकताना तिचं व्याकरणच पटायला लागतं, कारण कानडी ठसका बरोबर त्या व्यंजनावर पडतो. आवाज मोठा होतो आणि छाती भरून येतो, तरी एकदाही त्या माणसाची टवाळी होत नाही. शेवटी रावसाहेब गेल्याचं सांगताना तो ठसका जातो आणि पुलंचा साधा, घरगुती आवाज एकटा उरतो. इतका वेळ दोघे बोलत होते, आता एकच बोलतोय, हे कानालाच कळतं.

द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांनीही गावोगावी कथाकथनं करून मराठी माणसाला गोष्ट ऐकायची सवय लावली. आता स्टोरीटेलसारख्या ॲपवर ढिगाने मराठी पुस्तकं ऐकता येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. तिथल्या काही अभिवाचकांचा मात्र प्रत्येक पात्राला वेगळा गळा देण्याचा हट्ट असतो आणि तासाभरात कान थकतात. त्यांनी 'अंतू बर्वा' समोर ठेवून एकदा मोजावं, पुलंनी किती ठिकाणी काहीच केलेलं नाही. आणि पुलं ज्यांनी अजून ऐकलेच नाहीत, त्यांनी 'रावसाहेब'पासून सुरुवात करावी. 'म्हैस' कुणी ना कुणी ऐकवेलच.