युद्धाला विचारलेला प्रश्न

राजकीय ठराव कुणी रसिकतेनं वाचत नाही. तो मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळतं, टाळ्या पडतात आणि पुढं तो इतिहासाच्या प्राध्यापकांच्या वाट्याला येतो. काँग्रेस कार्यकारिणीनं १४ सप्टेंबर १९३९ रोजी वर्ध्याहून प्रसिद्ध केलेलं युद्धविषयक निवेदन मात्र मी गद्य म्हणून वाचत आलो आहे. मसुदा जवाहरलाल नेहरूंचा, भाषा इंग्रजी. त्यावर चार दिवस खल झाला. चार दिवस समितीच्या हाताखाली राहूनही एखादं लिखाण जिवंत राहावं, हेच मुळात नवल. आपल्याकडच्या समित्यांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ३ सप्टेंबरला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. केंद्रीय कायदेमंडळाला विचारलं नाही, आणि आठ प्रांतांत कारभार करणाऱ्या काँग्रेस मंत्रिमंडळांनाही नाही. त्यातलं एक आमच्या नागपुरातलं, पंडित रविशंकर शुक्लांचं. सदरमधून निघालं की पायी थोड्या वेळात सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनाशी पोचता येतं. मध्यप्रांत-वऱ्हाडचा कारभार या भागातून चाले. शाळा, तुरुंग, जंगलं, दवाखाने या मंत्र्यांच्या हाती होते. पण आपला मुलूख जगाच्या युद्धात गेला ही बातमी त्यांना सदर बाजारातल्या दुकानदाराइतकीच आगाऊ मिळाली. म्हणजे मिळालीच नाही.

अशा वेळी लेखणी संतापानं सुरू व्हावी हे स्वाभाविक होतं. निवेदनाची सुरुवात तशी नाही. काय काय घडलं याची नोंद आधी येते: देशाला युद्धात ओढलं, वटहुकूम काढले, प्रांतांचे अधिकार आवळणारी कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. स्वर जवळजवळ कारकुनी आहे. तक्रार नोंदवून लेखक ती बाजूला सारतो आणि थेट नाझीवाद व फॅसिझमच्या धिक्काराकडे वळतो. हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. धिक्कार आधी आणि मागणी नंतर. मागणी आधी आली असती, तर नाझींचा निषेध हा सौद्यातला माल ठरला असता. इथं आमची सहानुभूती कुठं आहे हे बिनशर्त सांगून झालेलं असतं. अट आहे ती फक्त सहकार्याला, आणि ते बरोबरीच्या माणसांत, दोघांच्या राजीखुशीनं होतं, जबरदस्तीनं नव्हे, हे एका साध्या वाक्यात सांगून लेखक पुढं सरकतो.

माझ्या मते या निवेदनातला सर्वांत कसदार परिच्छेद त्यानंतरचा, लोकशाहीच्या नावानं दिलेल्या शब्दांच्या हिशेबाचा. आधी पहिल्या महायुद्धातली वचनं आणि पडद्याआडचे गुप्त तह. मग चार नावं: मांचुरिया, अॅबिसिनिया, चेकोस्लोव्हाकिया, स्पेन. प्रत्येक नावाला जोडलेलं क्रियापद पाहावं. मांचुरियातल्या आक्रमणाकडे ब्रिटिश सरकारनं काणाडोळा केला. अॅबिसिनियाच्या वेळी मुकाट्यानं मान तुकवली. चेकोस्लोव्हाकियात आणि स्पेनमध्ये लोकशाहीचा जाणूनबुजून घात झाला. तीन क्रियापदांत अपराध पायरीपायरीनं वाढत जातो, आणि कुठंही विशेषणांची आतषबाजी नाही. आरोपपत्र लिहावं तर असं.

या थंडपणामागं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १९३८ च्या उन्हाळ्यात नेहरू बार्सिलोनाला जाऊन आले होते, प्रागलाही. युद्ध पेटलं तेव्हा ते चीनमध्ये होते. जपानी बॉम्ब झेलणाऱ्या चुंगकिंगमधून ते घाईनं परतले आणि वर्ध्याला पोचले. नागपूरचंही एक नातं इथं आहे. वर्षभरापूर्वी, १ सप्टेंबर १९३८ रोजी, मुंबईहून चीनला निघालेल्या काँग्रेसच्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आज शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. त्याच पथकातल्या नागपूरच्या डॉ. चोळकरांचं नाव मात्र नागपुरातच सांगावं लागतं. मुद्दा असा की हे निवेदन लिहिणारा पक्ष जगाकडे पाठ करून बसलेला नव्हता. युरोप-आशियातल्या प्रत्येक आगीकडे तो बघत होता, जमेल तिथं माणसं आणि औषधं पाठवत होता.

म्हणूनच याच आठवड्यांतल्या अमेरिकेशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. तिथं अलिप्ततावाद कायद्यात बसवलेला होता. १९३५ पासून एकामागून एक तटस्थतेचे कायदे झाले होते. ३ सप्टेंबरलाच रूझवेल्ट रेडिओवर बोलले: देश तटस्थ राहील, पण प्रत्येक नागरिकानं मनानंही तटस्थ राहावं असं मी म्हणू शकत नाही. मन गुंतलेलं, अंग बाहेर. आमचं नेमकं उलटं: अंग आधीच आत ढकललेलं, आणि मनाला कुणी विचारायला तयार नाही. त्या बलाढ्य राष्ट्राला युद्धात उतरायला पुढं सव्वादोन वर्षं लागली. नोव्हेंबर १९३९ मध्ये रोखीनं शस्त्रं विकण्याची मोकळीक, मार्च १९४१ मध्ये उधारीनं मदत, आणि डिसेंबरात पर्ल हार्बर. वाद घालायला, चुकायला, मत बदलायला त्यांना वेळ मिळाला. अलिप्त राहायचं की नाही, हा प्रश्नही ज्याचा निर्णय त्याच्या हाती असतो त्यालाच पडतो. वर्ध्याच्या निवेदनाचं वेगळेपण मला इथं दिसतं. निर्णय हाती नसताना, निर्णय आपलाच असल्याच्या सुरात ते बोलतं.

हा सूर सांभाळला आहे तो दोन जोडवाक्यांनी. हे युद्ध साम्राज्यं, वसाहती आणि मिरासदारी आहे तशी राखण्यासाठी असेल, तर हिंदुस्थानचा त्याच्याशी संबंध नाही. प्रश्न लोकशाहीचा आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्या जगाचा असेल, तर हिंदुस्थानला त्यात मनापासून रस आहे. दोन्ही ‘जर’ इंग्रजांच्या अंगणात टाकलेले आहेत. ‘तर’ आपल्याकडे ठेवला आहे. जर्मन किंवा जपानी जनतेशी आमचं भांडण नाही, ते स्वातंत्र्य नाकारणाऱ्या व्यवस्थांशी आहे, असंही पुढं येतं. युद्धाच्या दुसऱ्याच आठवड्यात, रक्त तापलेलं असताना हे लिहिणं सोपं नव्हतं.

आणि शेवट तर निर्णयाचा नाहीच. अंतिम निर्णय आताच घेता येत नाही, असं समिती कबूल करते आणि ब्रिटिश सरकारला विचारते: तुमची युद्धाची उद्दिष्टं स्पष्ट सांगा, आणि ती हिंदुस्थानला कशी लागू होणार ते सांगा, तेही आज. घोषणेची खरी परीक्षा ती वर्तमानात लागू होते की नाही यात आहे, ही या साऱ्या लिखाणाची नस. भविष्यकाळात दिलेली आश्वासनं १९१७ च्या ब्रिटिश घोषणेपासून खाऊन झाली होती.

गांधीजींचा प्रतिसाद मला या कथेतला सर्वांत लोभस भाग वाटतो. त्यांना स्वतःला हे मान्य नव्हतं. जो काही पाठिंबा द्यायचा तो अहिंसक असावा आणि विनाअट असावा, असं त्यांचं मत, आणि कार्यकारिणीत त्या मताचे ते एकटेच. तरीही निवेदन प्रसिद्ध होताच त्यांनी त्याची पाठराखण केली आणि ते लिहिणारा कलावंत आहे असं म्हटलं. हे बहुधा या मजकुराचं पहिलं रसग्रहण, आणि तेही विरोधी मताच्या माणसानं केलेलं.

दोष आहेत. मधला भाग लांबतो. लोकशाहीसाठी इंग्रजांना मदत देऊ करणाऱ्या संस्थानिकांना आधी आपल्या राज्यात लोकशाही आणा म्हणून काढलेला चिमटा खुसखुशीत आहे, पण तो जरा वाटेतला. खरी उणीव वेगळी. राष्ट्रांविषयी, व्यवस्थांविषयी इतकं नेमकं बोलणाऱ्या या लिखाणात बंदूक खांद्यावर घेऊन जाणारा शिपाई जवळपास दिसत नाही. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेलं. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या खोऱ्यात पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांच्यासारखे लाखो जण कशासाठी गेले याचं उत्तर या दोन ‘जर’मध्ये मावत नाही.

इंग्रजांचं उत्तर १७ ऑक्टोबरला आलं. युद्ध संपल्यावर पाहू, तोवर एक सल्लागार मंडळ नेमू. वर्तमानकाळात विचारलेल्या प्रश्नाला भविष्यकाळातलं उत्तर. पाठोपाठ मंत्रिमंडळांना राजीनाम्याचा आदेश गेला आणि नोव्हेंबरात नागपुरातलं शुक्ल मंत्रिमंडळही पायउतार झालं. पुढचं धावतं सांगतो: जुलै १९४० मध्ये पुण्याला काँग्रेसनं, केंद्रात राष्ट्रीय सरकार द्या, संरक्षणात साथ देऊ, अशी तयारी दाखवली, ती नाकारली गेली, १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला, आणि १४ जुलै १९४२ रोजी पुन्हा वर्ध्यालाच ‘चले जाव’चा मसुदा मंजूर झाला.

दरम्यान सदरपासून फार दूर नसलेल्या कामठीच्या छावणीत वेगळंच काही घडत होतं. १९४१ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंट उभी राहू लागली. पहिली पलटण बेळगावला, दुसरी कामठीला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांसाठी बंद झालेलं भरतीचं दार पहिल्या महायुद्धात थोडं किलकिलं झालं होतं आणि पुन्हा मिटलं होतं. जे दार उघडावं म्हणून वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या झाल्या, त्यातून आत जाणाऱ्या तरुणाला हे युद्ध ‘लादलेलं’ आहे हे कसं पटावं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युद्धप्रयत्नांना साथ देण्याची भूमिका घेतली होती. ‘चले जाव’च्या वर्ध्यातल्या मसुद्यानंतर चारच दिवसांनी, १८ जुलै १९४२ ला, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि तिच्यातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. तिथल्या मागण्यांत वेगळे मतदारसंघ होते, स्वतंत्र वसाहती होत्या, घटनेतलं संरक्षण होतं. १९३९ च्या निवेदनातली कसोटी, हक्क आज लागू होणार की उद्या, इथं लावली गेली होती, आणि उत्तर द्यायची पाळी इंग्रजांइतकीच काँग्रेसचीही होती.