खासगी एफएम आणि गावाचा आवाज

एफएम, म्हणजे आवाजाच्या चढउतारांप्रमाणे लहरींची वारंवारता बदलत नेणारी प्रक्षेपणपद्धती, मुळातच जवळच्या श्रोत्यासाठी असते. तिच्या लहरी साधारणपणे मनोऱ्याच्या दृष्टिपथापुरत्या जातात, डोंगर आडवा आला की क्षीण होतात, आणि म्हणून एका केंद्राचे क्षेत्र एक शहर व भोवतीची गावे एवढेच राहते. ज्या माध्यमाची हद्द अशी निसर्गानेच आखलेली आहे, त्यातून त्या गावाची बोली आणि त्या गावाचे प्रश्न कितपत ऐकू येतात, याच कसोटीवर खासगी एफएमची पाव शतकाची वाटचाल तपासली पाहिजे.

रेडिओला जाहिरात नवी नव्हती. विविध भारतीवर ती १९६७ मध्येच मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांपासून सुरू झाली होती. आकाशवाणीने १९९३ पासून काही शहरांत एफएमवरील वेळ खासगी कंपन्यांना विकला, आणि प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निर्णय आल्यावर सरकारी मक्तेदारीचा तात्त्विक आधारच सरकला. तरीही खासगी एफएमचा पहिला टप्पा फसला. २००० च्या लिलावात ४० शहरांतील १०८ वारंवारता मांडल्या गेल्या, पण ठरीव परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार असल्यामुळे प्रत्यक्षात १२ शहरांत २१ केंद्रेच उभी राहिली, आणि मुंबईतले विन ९४.६ हे केंद्र थोड्याच काळात बंद पडले. दुसऱ्या टप्प्याच्या, २००५ च्या धोरणाने एकरकमी प्रवेश शुल्काबरोबर उत्पन्नाचा ४ टक्के वाटा घेण्याची पद्धत आणली, तेव्हा कुठे मध्यम शहरांना स्वतःची केंद्रे परवडू लागली.

या टप्प्यातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण कोल्हापूरचे आहे, कारण तेथील टोमॅटो एफएम ९४.३ हे केंद्र 'पुढारी' या मराठी दैनिकाच्या समूहाचे आहे. ज्या घरात रोज शहराची बातमी लिहिली जाते, त्याच घरातल्या रेडिओला मात्र ती स्वतः सांगण्याची मुभा नाही. तिसऱ्या टप्प्याच्या, २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुन्हा प्रसारित करण्याची परवानगी दिली, आणि वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल अशी माहिती 'बातमी' या व्याख्येतून वगळली. त्यामुळे २०१९ व २०२१ सारख्या पंचगंगा नदीच्या महापुरात कोणता रस्ता बंद आहे हे निवेदकाला सांगता येते, परंतु पाणी इतके का चढले याची चर्चा चालू घडामोडींत मोडते, आणि त्यांनाही मनाई आहे. शहर समजून घेण्याचे काम जिथे सुरू होते, नेमक्या तिथेच माईक बंद करण्याची सक्ती हा या धोरणाचा सर्वांत मोठा दोष आहे.

बातमी नाही म्हटल्यावर या माध्यमाची कला उरते ती 'लिंक'मध्ये, म्हणजे दोन गाण्यांच्या मधल्या निवेदकाच्या, रूढ भाषेत आरजेच्या, बोलण्यात. गल्लीचे नाव अचूक घेणे, पलीकडच्या श्रोत्याला त्याच्या वळणाने बोलू देणे आणि वेळेत थांबणे, ही कारागिरी आकाशवाणीच्या प्रमाण निवेदनाहून वेगळी आहे आणि मराठी रेडिओला मिळालेली ती खरी भर आहे. पण तिला टिकायला आर्थिक आधार अपुरा पडतो. दुसऱ्या टप्प्यात एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून ऐकवण्याची, अर्थात नेटवर्किंगची, सवलत ठरावीक विभागातील लहान शहरांपुरती होती; तिसऱ्या टप्प्यात ती कंपनीच्या देशभरातील जाळ्याला मिळाली. खर्च वाचवण्याचा हा मार्ग खुला झाल्यावर गावच्या लहरीवर परगावचा आवाज येणे ओघानेच आले, आणि मुंबईसारख्या शहरात हिंदी चित्रपटगीतांच्या आवर्तनापुढे मराठी गाणे आधीच कोपऱ्यात गेले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली असून मातृभाषेतील स्थानिक आशय वाढावा हा त्यामागचा एक घोषित हेतू आहे. तो हेतू खरा ठरायचा असेल, तर नव्या केंद्रांत त्या गावात राहणारा निवेदक हवा, आणि त्याला आपल्या नगरपालिकेविषयी व आपल्या नदीविषयी प्रश्न विचारण्याची मोकळीकही हवी.