उसना आवाज आणि संहितेचा अधिकार

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील तरुण अमेरिकी नागरिकांना दूरध्वनीवरून धमकावीत आणि पैसे उकळीत. सुमारे ७० जणांना अटक झाली. गुन्ह्याची ही हकिकत संहिता म्हणूनही वाचता येते. संभाषण आधीच लिहून दिलेले, नाव उसने, उच्चार उसना. ऐकणाऱ्याचे भय तेवढे खरे.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची कल्पना मांडून अर्थाचे केंद्र वाचकाकडे नेले. येथेही अर्थ श्रोत्यानेच सिद्ध केला. परंतु त्याला तो स्वीकारायला लावणारा दरारा राज्यसंस्थेचा होता. संहिता कर्त्यावाचून चालू शकते, अधिकारावाचून नव्हे, असे यावरून म्हणता येईल. मराठी परंपरेला हे अपरिचित नाही. संतांची नाममुद्रा घेऊन इतरांनी रचलेले प्रक्षिप्त अभंग गाथांमध्ये शिरले, ते त्या नावाच्या अधिकारावरच.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार करताना यंत्राला सर्जन साधेल काय, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. यंत्राचे बोलणे कोणाच्या अधिकाराने ऐकले जाते, हा खरा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत संगणकीय चिपा चीनला विकण्यावर निर्बंध घातले. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने या क्षेत्रासाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ज्या साधनांसाठी राष्ट्रे अशी झुंजतात, त्यांतून निघालेल्या वाक्यामागे कोणीच नाही, असे मानणे सैद्धांतिकदृष्ट्या आकर्षक असले तरी भाबडेपणाचे आहे.

जुलै २०२५ मध्ये याच मीरा रोडमध्ये मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून आधी व्यापाऱ्यांचा आणि ८ जुलैला मराठीच्या बाजूने मोर्चा निघाला. भाषेचा आग्रह रास्त असू शकतो. मात्र दुकानदाराच्या तोंडी मराठी आहे की नाही, एवढ्याच कसोटीवर तो उभा राहिला, तर यंत्र ती कसोटी सहज पार करील. परका उच्चार कमावता येतो, हे याच उपनगराने २०१६ मध्ये दाखवून दिले होते. उद्या बँकेतून, रुग्णालयातून, कदाचित शाळेतूनही निर्दोष मराठी ऐकू येईल आणि आपण तिला आपली म्हणू.

बार्थ यांनी वाचकाला दिलेले स्वातंत्र्य गमावण्याचे कारण नाही. परंतु अर्थ लावणाऱ्या वाचकाने जाबही विचारला पाहिजे. मीरा रोडच्या त्या उसन्या आवाजांमागे निदान पकडता येण्याजोगी माणसे होती. यंत्राच्या मराठीमागचा उत्तरदायी कोण, हे शोधणे आता केवळ विधिज्ञांचे काम नाही. प्रक्षिप्त आणि अस्सल यांची निवड करीत आलेल्या समीक्षेचेही ते काम आहे.