अडत कोणाची, सल्ला कोणाला?

आजचा विषय शेअर बाजारातल्या विकणाऱ्या बाजूच्या पेढ्या. ज्या दलाली घेतात, कंपन्यांचे नवे शेअर बाजारात आणतात आणि वर ‘हा घ्या, तो काढा’ असे अहवालही देतात, त्या.

नगरच्या कांदा बाजारात वावरलेल्याला हे नवं नाही. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा. मधला अडत्या कोणाचा? पूर्वी अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. 2016 साली सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायला सांगितलं, तर व्यापाऱ्यांनी राज्यभर बाजार बंद ठेवले. शेअर बाजारात मात्र हा प्रश्न आपण विचारतच नाही. अहवाल आपल्याला फुकट मिळतो. मग त्याचे पैसे येतात कुठून? आपल्या प्रत्येक सौद्यावरच्या दलालीतून, आणि शेअर विक्रीला काढणाऱ्या कंपन्यांच्या शुल्कातून.

नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानलं, पण बोलणारा आप्त हवा ही अट घालून. त्याला विषय ठाऊक हवा, आणि ठाऊक आहे तसा सांगायची इच्छाही हवी. विश्लेषकाचं ज्ञान आम्ही नाकारत नाही. ताळेबंद त्याला आमच्यापेक्षा शंभरपट कळतो. अडचण दुसऱ्या अटीची आहे. अमेरिकेत 2003 साली दहा बड्या पेढ्यांनी सुमारे 140 कोटी डॉलर भरून तडजोड केली. जाहीरपणे वाखाणलेल्या शेअरला तिथले काही विश्लेषक खासगीत कचरा म्हणत होते. आपल्याकडे सेबीने 2014 साली नियम केले: अहवालात हितसंबंध उघड करा, स्वतःच्या शिफारशीविरुद्ध सौदा करू नका.

नियम चांगलेच आहेत. पण हितसंबंध उघड केल्याने कोणी आप्त होत नाही. ऐकणारा फार तर सावध होतो, तोही वाचलं तर. आम्ही निवृत्तीचे पैसे गुंतवताना एका पेढीच्या अहवालाचं पहिलं पान वाचलं, शेवटचं नाही. त्याच कंपनीकडून शुल्क घेतल्याची नोंद तिथे बारीक इंग्रजीत होती. पैसे निम्मे झाले, आणि ‘फसवलं’ म्हणायची सोयही उरली नाही.

या पेढ्या नकोत, असं आमचं म्हणणं नाही. अडत्या नसेल तर गोणी उतरवायची कुठे? आपला शेअर विकायच्या दिवशी गिऱ्हाईक मिळतं, ते त्यांच्याचमुळे. म्हणणं एवढंच, की भाव अडत्याला जरूर विचारावा. पण कांदा चाळीत ठेवायचा की बाजारात न्यायचा, हे त्याला विचारण्याआधी त्याची अडत कशावर ठरते ते पाहावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.