मद्यसंग्रहालयें व मद्याचीं दप्तरें

जुन्या मद्यशाळांचीं संग्रहालयें करण्याची चाल गेल्या साठ-सत्तर वर्षांत युरोपांत रूढ झाली असून तिचें लोण आतां आपल्या किनाऱ्यासही येऊन पोंचलें आहे. इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकानें अशा विषयाची दखल कां घ्यावी, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. त्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, मनुष्यानें लिहावयास आरंभ केला तो स्तोत्रें किंवा सनदा लिहिण्यासाठीं नव्हे. इराकांतील उरुक येथें सांपडलेल्या अतिप्राचीन मृत्तिकालेखांपैकीं पुष्कळसे धान्याच्या आवक-जावकीचे असून त्यांत सातूच्या मद्याचे हिशेबही आहेत. आपल्याकडे कौटिल्यानें सुराध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण लिहून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु या प्रकारांचीं द्रव्यें व प्रमाणें नमूद केलीं. मद्याचा इतिहास प्रथम हिशेबनिसाच्या लेखणींतून उतरला आहे. तेव्हां मद्याच्या संग्रहालयांचें परीक्षणही त्याच बाजूनें केलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

या वर्गांतील उत्तम उदाहरण म्हणून बोहेमियांतील प्ल्झेन शहराकडे बोट दाखवितां येतें. हें शहर राजा दुसरा वेन्सेस्लास यानें १२९५ मध्यें वसविलें, आणि तेथील २६० नागरिकांस बीअर काढण्याचा हक्क मिळाला, अशी त्या शहराची परंपरा आहे. ध्यानांत घेण्यासारखें हें कीं, हा हक्क माणसाच्या अंगास नव्हे, तर घरास चिकटलेला होता. घर ज्याचें, हक्क त्याचा. वतनाच्या वाटणीचे महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस याहून अधिक विवरणाची गरज नाहीं. १८३८ सालीं तेथील बीअर इतकी नासली कीं ३६ पिंपें नगरभवनासमोर ओतून द्यावीं लागलीं. पुढील वर्षीं हक्कदार घरवाल्यांनीं एकत्र येऊन सामाइक कारखाना काढण्याचें ठरविलें, आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजीं बव्हेरियाहून बोलावलेल्या योझेफ ग्रोल या कारागिरानें फिकट सोनेरी रंगाची बीअर तेथें प्रथम काढली. पिल्सनर हें जगभर चाललेलें नांव या शहराचें आहे. १९५९ मध्यें तेथें बीअरचें संग्रहालय उघडण्यांत आलें तें हक्क असलेल्या अशाच एका जुन्या घरांत. मोड आणलेला सातू वाळविण्याची जागा व खालचीं तळघरें यांसह. घर, घराचा हक्क आणि हक्काचा कागद हीं तिन्ही एका जागीं आल्यामुळें तेथील साधें लांकडी पिंपही बोलकें होतें. हें पिंप कोणाच्या हक्कांतलें, तें कां ओतलें गेलें आणि त्याच्या जागीं दुसरें कां आलें, याचा उलगडा वस्तूवरून नव्हे, कागदावरून होतो.

डब्लिन येथील गिनेस कंपनीनें आपल्या १९०४ च्या आंबवणीच्या इमारतीचें २००० मध्यें प्रेक्षणगृह केलें. त्याचा मधला चौक भल्या मोठ्या पेल्याच्या आकाराचा आहे, यावरून त्याचा रोंख कळून येतो. तें व्यापाऱ्याचें घर आहे व व्यापाऱ्यास शोभेल असेंच आहे. आमचें त्याच्याशीं भांडण नाहीं. पण त्याचाच कित्ता आपल्याकडे गिरविला जाऊं नये, एवढीच इच्छा.

आपल्या प्रदेशांत या जातीचा जवळचा प्रयत्न गोव्यांत, बार्देश तालुक्यांतील कांदोळी येथें झाला आहे. श्री. नंदन कुडचडकर या संग्राहकांनीं २०२१ मध्यें तेथें मद्यास, व त्यांतही मुख्यत्वें फेणीस वाहिलेलें संग्रहालय उघडलें. ही जुनी भट्टी नव्हे, एका व्यक्तीनें हौसेनें जमविलेला संग्रह आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. मातीचीं मडकीं, फेणी सांठविण्याच्या काचेच्या थोरल्या बरण्या, मापें, पेले आणि बाटल्या असा त्यांचा संभार आहे. ज्या वस्तु फुटल्या म्हणजे उकिरड्यावर जातात व न फुटल्या तर माळ्यावर जातात, त्या कोणीतरी पदरमोड करून राखून ठेविल्या, हें मोठेंच काम झालें. सोन्याचांदीच्या मूर्तींस राखणारे पुष्कळ असतात; काजळी धरलेल्या मडक्यास कोण राखतो?

फेणीची कृति येथें थोडक्यांत देतों, कारण तिजवांचून भांड्यांचा अर्थ लागणार नाहीं. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणलें. पिकून गळालेलीं बोंडें खडकांत कोरलेल्या कुंडींत पायांनीं तुडवितात. या कुंडीस कोळंबी म्हणतात. रस कांहीं दिवस आंबवून मोठ्या भांड्यांत तापवितात. त्या भांड्यास भाण व वाफ थंड होऊन जींत उतरते तिला लावणी असें नांव आहे. पहिल्या उतारास उराक म्हणतात, आणि तो फिरून गाळला म्हणजे फेणी. माडाची फेणी याहून निराळी. काजूच्या फेणीस २००९ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

कांदोळीस आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलों तो मापांपुढें. मडकें कुंभाराचें, काच परदेशची, पण माप हें सरकारचें असतें. जेथें माप आहे तेथें मापणारा आहे, मापणाऱ्यावर नजर ठेवणारा आहे, आणि त्या दोघांच्यामध्यें लिहिलेला कागद आहे. तें माप कोणत्या गांवचें, कोणत्या सालीं चाललें, त्यावर कर कोणत्या दरानें बसला, हे प्रश्न मनांत येतात. हे आम्ही दोष म्हणून विचारीत नाहीं. कोणतीही सनद हातीं आली असतां ती कोठून आली, कोणाच्या घरांतून आली, शिक्का कोणाचा, असें विचारण्याची आम्हांस संवयच आहे, आणि मडक्यास तीच कसोटी कां लावूं नये हें आम्हांस कळत नाहीं. गोव्यांत काजूच्या हंगामाच्या आरंभीं अबकारी खात्याकडून विभागांचा लिलाव होतो. लिलावास तिकडे पावणी म्हणतात. हा शब्द गांवकरीच्या जुन्या व्यवहारांतला आहे, आणि गांवकऱ्यांचे कागद पणजीच्या दप्तरखान्यांत आहेत. त्यांतील कांहीं मोडींत व गोयकानडींतही आहेत. कांदोळीची बरणी आणि पणजीचें दप्तर यांमधील अंतर थोड्या कोसांचें आहे. तें कोणी चालून जाईल काय, एवढाच प्रश्न.

कायद्याकडे पाहिल्यावांचून वस्तु कां सांपडते व कां सांपडत नाहीं हेंही कळत नाहीं. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. पुढें १८९२ मध्यें मोहाच्या फुलांविषयीं स्वतंत्र कायदा करून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तीं फुलें बाळगण्यावरच निर्बंध घातला गेला. १९४९ मध्यें मुंबईचा दारूबंदीचा कायदा आला. ज्या घरांत फूल बाळगणें हाच गुन्हा, त्या घरांत भांडें कोण बाळगील? उद्यां कोणी उत्तर कोंकणांतील मोहाच्या भट्टीचें संग्रहालय करूं म्हणेल, तर त्याची दालनें भांड्यांनीं नव्हे, फौजदारी खटल्यांच्या कागदांनींच भरावीं लागतील.

येथें वाचनाच्या एका खांचखळग्याचीही सूचना देणें इष्ट आहे. दारू हा फारसी शब्द मूळचा औषधवाचक. मराठेशाहीच्या कागदांत तो बहुधा बंदुकीच्या दारूसाठीं येतो. दारूखाना म्हणजे तोफेच्या दारूचें कोठार. भूमच्या शेजारीं परांड्याच्या किल्ल्यासंबंधीं दारूखान्याचा खर्च कोठें आढळला, तर त्यावरून किल्लेदाराच्या व्यसनाविषयीं अनुमान काढण्याची घाई कोणी करूं नये. विनोद म्हणून हें लिहिलें नाहीं. पेयाचे कागद शोधावयाचे तर आबकारी, कलाल, शिंदी, मक्ता आणि आमच्या मराठवाड्यांत गुत्ता, या शब्दांच्या मागें जावें लागतें.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत मद्याचें संग्रहालय नाहीं. परंतु मद्याच्या व्यापाराचें नांव घेतां येईल असें स्थळ आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हें फ्लीट यांनीं १९०१ मध्यें दाखवून दिलें. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत इटलीची, लाओदिकेयाची व अरबस्तानची मदिरा सांगितली असून, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगराहून पुष्कळ कापड त्या बंदराकडे जात असे, असेंही त्यांत आहे. तेरच्या पांढरीतून निघालेल्या वस्तु रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविल्या, त्यांवर आज तेथील शासकीय संग्रहालय उभें आहे; शिवाय १९५८ सालीं तेथें रीतसर उत्खननही झालें. या दोहोंतील भेद ध्यानीं घ्यावा. पहिल्यानें वस्तु वांचविली, दुसऱ्यानें तिचा थर सांगितला. थराची व तपासणीची मातब्बरी केवढी, हें पहावयाचें असल्यास मदिरेच्याच रांजणांकडे पहावें. भारतांत ठिकठिकाणीं रोमन म्हणून नोंदलेल्या तुकड्यांपैकीं कित्येक, अलीकडे मातीची फेरतपासणी झाल्यावर, इराकच्या बाजूच्या निराळ्याच रांजणांचे ठरले. चिठ्ठी चुकली कीं समुद्र बदलतो.

आतां भूमविषयीं. भूम तालुक्यांत आज भट्टी म्हटली म्हणजे खव्याची भट्टी डोळ्यांपुढें येते, आणि बाहेरच्या पाहुण्यास आम्ही कुंथलगिरीचा पेढाच देतों. परंतु हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि आबकारी ही त्या सरकारच्या जमेच्या मोठ्या बाबींपैकीं एक होती. शिंदीच्या झाडांचा गुत्ता घेणारे गुत्तेदार, झाडें छेदणारे, रस वाहणारे आणि दुकान चालविणारे अशी ती सांखळी असे. हैदराबादच्या मुक्तिलढ्यांत १९४७ सालीं ठिकठिकाणीं शिंदीचीं झाडें तोडण्यांत आलीं, तीं निव्वळ व्यसनाच्या तिटकाऱ्यानें नव्हे. झाड तोडलें कीं सरकारची जमा तुटते, हा हिशेब त्यांत होता. मराठवाड्यांतील मद्याच्या इतिहासांतील हें सर्वांत मोठें प्रकरण होय, आणि तें कोणत्याही मडक्यावर लिहिलेलें नाहीं.

कागद मात्र आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं भूमच्या बाजूस एका जुन्या घराण्यांत आम्ही दप्तर पहावयास गेलों होतों. यजमानांनीं इनामाचे व देशमुखीच्या तंट्याचे कागद मोठ्या अगत्यानें पुढें ठेविले. त्यांच्या नकला आम्हीं घेतल्या. एक रुमाल मात्र त्यांनीं सोडला नाहीं. दुसऱ्या खेपेस पुष्कळ आढेवेढे घेऊन ते म्हणाले, “तो शिंदीच्या गुत्त्याचा आहे. आजोबांनीं घेतला होता. त्यांत पहाण्यासारखें काय? मुलें तो जाळूं म्हणतात.” रुमाल सुटला तेव्हां फसली १३४० च्या सुमाराच्या वह्या निघाल्या: उर्दू पावत्या, त्यांच्या पाठीवर मोडींत शेरे, गांववार झाडांची मोजदाद, हप्त्यांच्या तारखा, आणि समासांत कोणीतरी लिहून ठेविलेले पावसाचे आंकडे. दुष्काळाच्या सालीं रस उणा आला म्हणून हप्ता कमी करण्याविषयींच्या अर्जाची नक्कलही त्यांत होती. तालुक्यांतील कोणत्या शिवारांत किती शिंदी उभी होती, हें सांगणारें दुसरें साधन आम्हांस आजवर भेटलें नाहीं.

यांत दोष यजमानांचा नव्हे. पहिल्या खेपेस आम्हीं स्वतःच इनामाचे कागद मागितले व गुत्त्याचे मागितले नाहींत. संशोधकांनीं सनदा छापल्या, महजर छापले, शकावल्या छापल्या. त्यामुळें लोकांचीही समजूत झाली कीं तेवढाच इतिहास आणि बाकीची रद्दी. जो कागद दाखविण्यास लाज वाटते तो सर्वांआधीं जळतो, आणि ही लाज वाढविण्यास आमचे अभिप्रायही कारण झाले असतील. मराठवाड्याच्या आबकारीचा वरचा पत्रव्यवहार हैदराबादेस आहे. तो बहुतांशीं शिकस्ता वळणाच्या उर्दूंत असून, तो सराइतपणें वाचणारे आमच्या ओळखींत तीन गृहस्थ आहेत, व तिघेही सत्तरीपुढचे आहेत. गांवपातळीचा कागद मात्र अशा रुमालांतच आहे.

म्हणून कांदोळीच्या संग्राहकांस, आणि पुढेंमागें आपल्या प्रांतांत अशी संग्रहालयें काढूं इच्छिणारांस आमचें सांगणें असें कीं, भांडें घेतांना ज्याच्या घरचें तें घेतलें त्याच्या घरचा परवाना, पावती किंवा वही असल्यास तीही मागून घ्यावी. आणि नसल्यास निदान गांव, घराणें व हातीं आल्याची तारीख तरी टिपून ठेवावी. खर्च एका कोऱ्या वहीचा आहे.

वर सांगितलेला रुमाल अद्याप त्याच घरांत आहे. घराण्याचें नांव छापावयाचें नाहीं या अटीवर नकला घेण्याची परवानगी मिळाली असून, झाडांच्या मोजदादीच्या पहिल्या वहीचें वाचन चालू आहे. त्यांतील पांच गांवांचीं नांवें आम्हांस अजून लागलेलीं नाहींत. भूम व परांडा भागांतील जुनीं शिवारें ठाऊक असलेल्या वाचकांनीं मदत केल्यास आभारी होऊं.