आतून लावलेली कडी : ‘रमन राघव २.०’

अनुराग कश्यपच्या ‘रमन राघव २.०’ या चित्रपटाच्या सुरुवातीलाच पडद्यावर खुलासा येतो. साठच्या दशकात मुंबईत रमन राघव नावाच्या माणसानं खूनसत्र चालवलं होतं, एवढं सांगून झालं की लगेच कळतं, हा चित्रपट त्याच्याबद्दल नाही. थिएटरात त्या वेळी थोडा हशा झाला होता. ज्याच्या नावावर तिकीट काढलं, तोच नाही म्हणे! पण पुढचे दोन-सव्वादोन तास हे विधान मनात जागं ठेवून बघितलं, तर चित्रपटातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आधी तो खरा माणूस. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले झाले. एकोणीस जणांवर वार झाले, त्यातले नऊ दगावले. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा तेच सुरू झालं. जड लोखंडी वस्तू डोक्यात घालायची आणि निघून जायचं. त्या वर्षी ऑगस्टच्या २७ तारखेला उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडलं. तपासाची सूत्रं पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. अटकेनंतर तो काही बोलेना. मग त्याला हवं तसं कोंबडीचं जेवण मिळालं आणि तो बोलू लागला. एकूण ४१ खून केल्याचं त्यानं सांगितलं. १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढं मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळानं तपासून त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान केलं आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयानं शिक्षा जन्मठेपेवर आणली. येरवड्याच्या तुरुंगात राहिलेला हा माणूस १९९५ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात किडनीच्या आजारानं मेला.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या माणसाला ही गोष्ट मुंबईची म्हणून बाजूला टाकता येत नाही. या डोंगराळ भागात पाऊस मुबलक, पण शेती भाताची आणि तीही एका हंगामाची. तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला कामाला गेली. गिरण्या, गोदी, हमाली, जे मिळेल ते. एका गाळ्यात वीस-पंचवीस जण, पाळीपाळीनं झोपायचं, उन्हाळ्यात पथारी फुटपाथवर नाहीतर व्हरांड्यात. रमन राघवची भीती या माणसांबरोबर यष्टीनं गावाकडं आली. ज्यांनी मुंबई पाहिली नव्हती अशा म्हाताऱ्यासुद्धा न झोपणाऱ्या पोराला ‘रमन राघव येईल हं’ म्हणून दटावत. कारण तो कुणाला मारायचा हे त्यांना पक्कं कळलं होतं. तो बंगल्यात शिरला नाही. ज्यांच्या दाराला धड कडी नव्हती किंवा दारच नव्हतं, त्यांना त्यानं मारलं. आपला नवरा, आपला दीर, आपला लेक त्यातलाच होता.

या विषयावर कश्यपच्या आधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या श्रीराम राघवननं चित्रपट केला. १९९१ चा त्याचा ‘रमन राघव’ व्हिडिओवर चित्रित झालेला, तासाभराच्या आगेमागे लांबीचा. रघुवीर यादवनं त्यात खुन्याचं काम केलं. तो थिएटरात लागला नाही, कॅसेटींवरून आणि पुढं इंटरनेटवरून लोकांनी शोधून शोधून पाहिला. त्यानं साठच्या दशकातली घटनाच सांगितली. कश्यपलाही मुळात तेच करायचं होतं, जुन्या मुंबईत घडणारा चित्रपट. पण २०१५ मध्ये त्याचा ‘बॉम्बे वेल्व्हेट’ आपटला. श्रीलंकेत जुन्या मुंबईचा सेट उभारून केलेला तो प्रचंड खर्चिक चित्रपट होता. त्यानंतर पुन्हा जुन्या काळाचा थाट उभा करायला पैसा मिळणं शक्य नव्हतं. मग गोष्ट आजच्या काळात आणली आणि सुमारे तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकलं.

जुना काळ पडद्यावर आणायला काय लागतं ते भोरकरांना सांगायला नको. आमच्याकडं शूटिंग म्हटलं की पंतसचिवांचा राजवाडा. जनरेटरच्या गाड्या, क्रेन, फेटे बांधून चहाच्या रांगेत उभे असलेले ज्युनिअर आर्टिस्ट आणि एका चौकातला एक प्रसंग टिपायला दिवस दिवस. या थाटाचा एक तोटा असतो. बघणारा निर्धास्त होतो. जे चाललंय ते तेव्हाचं, आता तसं नाही. कश्यपच्या खिशातल्या चणचणीनं प्रेक्षकाचा हा निर्धास्तपणा काढून घेतला. जय ओझाचा कॅमेरा गटारांवरून, पत्र्यांखालून, बोळांतून, कचऱ्याच्या ढिगांजवळून फिरतो. मुंबईला कुठेही रंगरंगोटी नाही. पाठलागाचा प्रसंग आहे तोही वस्तीच्या अरुंद बोळांत, जिथं पोलिसाला वाट माहीत नाही आणि खुन्याला माहीत आहे. गोष्ट ऐतिहासिक राहिली असती तर खुनी दंतकथा झाला असता. इथं तो कालच लोकलमध्ये शेजारी उभा असल्यासारखा वाटतो.

चित्रपट प्रकरणांत विभागलाय आणि प्रत्येक प्रकरणाला मथळा आहे. पहिल्या प्रकरणात रमन्ना (नवाजुद्दीन सिद्दीकी) स्वतःच पोलिसांकडे येतो आणि सांगतो, मी नऊ खून केलेत. पोलीस विश्वास ठेवत नाहीत. फाटका, बडबड्या, डोक्यानं सरकलेला दिसतोय, याच्या बोलण्याला काय किंमत? त्याला एका पडक्या जागेत कोंडून ठेवतात आणि तो तिथून निसटतो. प्रसंग एका परीनं विनोदी आहे. पण यातच खुन्याचं खरं हत्यार दाखवून दिलंय. त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. गरीब माणूस व्यवस्थेच्या डोळ्यांना दिसत नाही हे आपण ऐकलेलं असतं, ते नेहमी बळी ठरणाऱ्याच्या बाजूनं. इथं मारणाराही त्याच न दिसण्याच्या आडोशानं फिरतो. पहिल्या खेपेला पकडून, पुराव्याअभावी सोडून दिलेला खरा रमन राघव ज्यांना माहीत आहे, त्यांना हा प्रसंग हसू देत नाही.

मग येतं बहिणीचं प्रकरण. माझ्या मते हाच या चित्रपटाचा गाभा आहे.

रमन्ना बऱ्याच वर्षांनी बहिणीच्या दारात उभा राहतो. बहीण लक्ष्मी म्हणजे अमृता सुभाष. ‘अस्तु’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली, ‘किल्ला’मधली आई म्हणून आपल्याला ओळखीची असलेली ही अभिनेत्री. इथं तिच्या वाट्याला वीसेक मिनिटं असतील, पण चित्रपट संपल्यावर आठवते ती तीच. भावाला बघून तिच्या चेहऱ्यावर आनंद नाही, आश्चर्यही नाही. तिथं ओळख आहे, आणि ही ओळख घाबरवणारी आहे. हा माणूस काय करू शकतो ते तिला लहानपणापासून माहीत असावं, एवढं त्या नजरेत कळतं. दिग्दर्शक पूर्वकथा उलगडून सांगत बसत नाही. दोघांमधल्या अंतरावरून, ती त्याला टाळत कशी उभी राहते त्यावरून, तो तिच्याकडे कसा बघतो त्यावरून आपण ओळखायचं.

या प्रकरणात काय होतं? भाऊ घरात शिरतो, गप्पा मारतो, कोंबडीच्या रश्श्याची फर्माईश करतो. घरात नवरा आहे, लहान मुलगा आहे. नात्यातला पाहुणा आलाय, त्याला जेवू घालायचं. आपल्याकडे घरी आलेल्या भावाला जेवल्याशिवाय पाठवत नाहीत, मग तो कसाही असो. कश्यप हा पाहुणचार धरून ठेवतो आणि त्याच्या आत भीती भरत नेतो. लक्ष्मी नवऱ्याच्या आणि मुलाच्या जिवाचा हिशेब प्रत्येक वाक्यागणिक करते आहे. आवाज चढवला तर काय, गप्प बसलं तर काय, विनवणी केली तर काय. अमृता सुभाषनं हा हिशेब चेहऱ्यावर चालू ठेवलाय. मोठा आक्रोश नाही, हातवारे नाहीत. ती घरातली बाई आहे आणि तिचं घरच तिला सापळा झालंय.

आणि मग मारणं. ते आपल्याला जवळपास दिसत नाही. या प्रकारच्या चित्रपटांत रक्ताचे पाट वाहतात, कॅमेरा जखमेत घुसतो, त्या बीभत्सपणाचीच जाहिरात होते. कश्यप कॅमेरा बाजूला ठेवतो. आवाज येतात, नंतरची शांतता येते, आणि बाकीचं आपल्याला करावं लागतं. न दाखवणं कमी खर्चाचं असतं हे खरं. पण हा निर्णय नुसत्या पैशाचा नाही. दाखवलं असतं तर आपण डोळ्यांवर हात धरून सुटलो असतो. न दाखवल्यामुळे सुटका नाही. खऱ्या रमन राघवच्या कबुलीआधीचं कोंबडीचं जेवण इथं असं परत आलंय. पोलीस ठाण्यातला तो किस्सा सांगोवांगी गमतीचा झाला होता. लक्ष्मीच्या स्वयंपाकघरात त्याची गंमत उरत नाही.

आवाजाचा वापर बघण्यासारखा आहे. रमन्नाच्या हातात जड लोखंडी पाना असतो आणि चालताना तो जमिनीवर घासत जातो. दगडावर लोखंड घासल्याचा तो खरखराट ऐकला की माणूस दिसायच्या आधी पोटात गोळा येतो. मोठ्या निर्मितीत ही जागा वाद्यवृंदानं भरली असती. याउलट राम संपतचं संगीत आणि वरुण ग्रोवरची गाणी क्लबमध्ये, नशेत, झगमगाटात येतात. म्हणजे संगीत आहे ते पोलिसाच्या जगात, आणि खुन्याच्या वाट्याला नुसतं लोखंड.

तो पोलीस म्हणजे एसीपी राघवन (विकी कौशल). काळ्या चष्म्यामागे नशेचे डोळे झाकणारा, बापाच्या धाकात वाढलेला, प्रेयसी सिम्मीशी (सोभिता धुलिपाला) निर्दयपणे वागणारा. सुरुवातीलाच त्याच्या हातून खून होतो, आणि तो रमन्नानं पाहिलेला असतो. चित्रपटाची रचना या एका गाठीवर उभी आहे. खुनी पोलिसाच्या मागावर आहे, कारण त्याला स्वतःचा जोडीदार सापडलाय. रमन आणि राघव अशी नावाची फोड करून दोन माणसं केली आहेत. शेवटी रमन्ना त्याला समजावतो की लोक धर्माच्या, दंगलीच्या, वर्दीच्या आड राहून मारतात, मी कसलाही आडोसा न घेता मारतो. राघवननं केलेल्या सिम्मीच्या खुनाचा आळही तो स्वतःवर घ्यायला तयार होतो. सिद्दीकी हे सगळं एखाद्या हिशेबनीसाच्या निवांतपणानं बोलतो. डोळे वटारणं नाही, खदाखदा हसणं नाही. आपण ऐकत राहतो आणि एका क्षणी मान डोलवायला लागतो, मग दचकतो.

पण माझी हरकतही इथंच आहे. खुनी आणि पोलीस एकाच नाण्याच्या दोन बाजू, ही कल्पना बोलायला चटपटीत आहे आणि जगातल्या चित्रपटांनी ती खूपदा वापरलीय. उत्तरार्धात चित्रपट तिच्या प्रेमात पडतो. राघवनचा बाप, त्याची नशा, त्याची चिडचिड, या सगळ्यातून त्याच्या क्रौर्याची कारणं जुळवली जातात, आणि जुळवलेलं दिसतं. सिम्मी तर केवळ मरण्यासाठी लिहिल्यासारखी आहे. धुलिपालानं तिला जीव दिलाय, पटकथेनं दिलेला नाही. रमन्नाचं शेवटचं तत्त्वज्ञानही तपासून घ्यायला हवं. आडोशाशिवाय मारतो म्हणणारा हा माणूस निवडतो मात्र ज्यांना मारणं सोपं आहे त्यांनाच. तो वर्दीतल्या राघवनला मारत नाही, त्याच्याशी सोयरीक जोडतो. चित्रपट हे दाखवतो खरा, पण त्याच्या तोंडचं भाषण इतकं रंगतं की हा ढोंगीपणा प्रेक्षकाच्या नजरेतून निसटू शकतो.

तरीही २०१६ च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या डायरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये आणि जूनमध्ये आपल्याकडे लागलेला हा चित्रपट माझ्या लेखी मोलाचा ठरतो, तो त्या सुरुवातीच्या खुलाशामुळे आणि लक्ष्मीमुळे. खऱ्या खूनसत्रातून आपल्याकडे नावं कुणाची उरली? मारणाऱ्याची, पकडणाऱ्याची, तपास करणाऱ्याची. मारणाऱ्यावर चित्रपट निघाले, त्याच्या नावानं पोरं झोपली. रुळांलगतच्या झोपड्यांत मेलेल्या माणसांची नावं कुणाला येत नाहीत. त्यांतले बहुतेक कुठून तरी पोटासाठी आलेले, वेल्ह्याच्या माणसांसारखेच. हा चित्रपट त्या माणसाबद्दल नाही, हे विधान निदान एका प्रकरणापुरतं कश्यपनं शब्दशः पाळलंय. तिथं गोष्ट खुन्याची राहत नाही, दार उघडणाऱ्या बाईची होते. तिला नाव आहे, संसार आहे, जगण्याचा हट्ट आहे. लक्ष्मी कल्पनेतली आहे. पण एक्केचाळीस या आकड्याला इथं इतक्या जवळून एका माणसाचा चेहरा मिळाला. खुन्याच्या मनाचा ठाव घेणारे चित्रपट पुष्कळ आहेत आणि पुढेही निघतील. मरणाऱ्याच्या बाजूनं खोलीत थांबायची तयारी फार थोड्यांची असते, आणि ती असायला मोठं बजेट लागत नाही.